यंत्रात केलेले बदल: काही नाही

पऱ्हाटी म्हणजे कापसाचं वाळलेलं झाड. वेचणी संपली की शेतात उरतं ते. आमच्या यवतमाळ जिल्ह्यात ती किती असते, हे बाहेरच्या माणसाला सांगून पटणार नाही. गावातल्या चुली वर्षभर पेटवूनही ती उरते. मग उन्हाळ्याच्या तोंडाशी लोक धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, ढीग घालतात आणि काडी लावून मोकळे होतात. इतकं जळण उघड्यावर जाळणारा हा जिल्हा, आणि त्याच जिल्ह्यातल्या कितीतरी पोडांवर, आदिवासी वस्त्यांवर, तेव्हा विजेचा खांब पोचलेला नव्हता. मी एंजिनं दुरुस्त करणारा माणूस. मला याचा तेव्हाही संताप यायचा, आता साठी उलटली तरी येतो. संपादकांनी धंद्यातल्या गमतीजमती लिहा असं सांगितलं आहे. गमती आहेत, नाहीत असं नाही. पण आधी हा संताप लिहून काढतो, मग जागा उरली तर गमती.

माझं नाव रशीद. आम्ही मूळचे ढाणकीचे. वडील बैलगाडीच्या चाकांना लोखंडी धावा चढवायचे. मी मुकुटबनला गॅरेज टाकलं आणि तिथलाच झालो. ऑइल एंजिन, फवारणीचे पंप, काळीपिवळी जीप, जे येईल ते उघडायचं. एक गिऱ्हाईक तर मी एंजिन खोललं की समोर बसून एकेक नट रुमालावर मांडून ठेवायचा. एकदा जोडून झाल्यावर एक वायसर उरला. तो उचलून मला म्हणाला, “पाय मिस्त्री, कंपनीवाले फालतू सामान घालते.” आणि तो वायसर खिशात घालून गेला. एंजिन पुढं तीन वर्षं बिनतक्रार चाललं, त्यामुळं मलाही काही बोलता आलं नाही.

आता मुद्द्याचं. कापसाची ती वाईट वर्षं होती. भाव पडलेले, बियाणं महागलेलं, आणि आमचा जिल्हा रोज पेपरात. जिल्हा पेपरात आला की पांढऱ्या गाड्या येतात, आणि पांढऱ्या गाड्यांच्या मागून योजना येतात. त्या काळात आमच्याकडे योजनांचा असा पाऊस पडला की सांगता सोय नाही. गोबरगॅस आला, तोही ज्या घरातली जनावरं आदल्या वर्षी बाजारात गेली त्या घरासमोर. सौर कंदील आले आणि पहिल्या पावसाळ्यात बंद पडले. दुरुस्ती कुठं करायची असं विचारलं तर पुण्याचा पत्ता मिळायचा. मी एक कंदील उघडून चालू करून दिला, तर वाटप करणाऱ्या बाबूनं मलाच झापलं, म्हणे कंपनीचं स्टिकर फाडलंस, आता गॅरंटी गेली. कंदील बंद असताना गॅरंटी शाबूत होती.

याच पावसात मुकुटबनपासून नऊ किलोमीटरवरच्या एका पोडावर लाकडाच्या गॅसवर वीज करणारं यंत्र आलं. हे पोड कोलाम आदिवासींचं. तीस-पस्तीस घरं, चारी बाजूंनी कापसाची शेतं आणि पलीकडं जंगल. यंत्र चालवायला जवळपासचा मिस्त्री पाहिजे होता, म्हणून मला बोलावलं.

यंत्राची करामत सोपी आहे. माणसाच्या उंचीचा एक लोखंडी ढोल. वरून लाकडाचे तुकडे टाकायचे, खालून पेटवायचे, पण हवा मोजकीच द्यायची. पुरती हवा मिळाली नाही की लाकूड नीट जळत नाही, त्यातून जळणारा वायू निघतो. तो पाण्यातून आणि भुशाच्या चाळणीतून स्वच्छ करून एंजिनात सोडायचा. डिझेल थोडंसं लागतं, बाकीचं काम हा वायू करतो. ढोलाच्या तळाशी एक जाळी असते. निखारे तिच्यावर राहतात, राख खाली पडते. जाळी मोकळी तर यंत्र जिवंत. जाळी बुजली की सगळं थंड.

एंजिनावर दिवे होते आणि पाण्याचा पंप होता, पण पोडावरच्या बायांना त्याचं फार कौतुक नव्हतं. त्यांना पाहिजे होती गिरणी. तोवर त्या ज्वारी डोक्यावर घेऊन मुकुटबनला यायच्या. नऊ किलोमीटर जाणं, गिरणीत नंबर लावणं, नऊ किलोमीटर परत. त्या दिवसाचं काम बुडालंच. यंत्राबरोबर गिरणी बसली आणि ती चालवायला बायांचा गट झाला. गटाची प्रमुख लेतूबाई. पस्तिशीची असेल, अंगानं काटक, बोलायला कमी. यंत्राच्या ताबापावतीवर तिचाच अंगठा होता.

योजनेच्या कागदात इंधन म्हणून लिहिलं होतं: कठीण लाकडाचे सुकलेले दोन इंची तुकडे. हे लाकूड आणायचं कुठून? कागदात त्याचंही उत्तर होतं. पोडाशेजारी इंधनासाठी झाडं लावली जातील. लावली गेली नाहीत, आणि लावली असती तरी तोडायला सात-आठ वर्षं गेली असती. मग जंगल. एका खात्यानं लाकडावर चालणारं यंत्र दिलं होतं, आणि त्याच सरकारचं दुसरं खातं जंगलातून मोळी आणणाऱ्या बाईच्या हातातली कुऱ्हाड जप्त करत होतं. या दोन खात्यांच्या कचेऱ्या यवतमाळला एकमेकींपासून चालत जाण्याच्या अंतरावर आहेत. मी स्वतः चाललो आहे.

शेवटी लेतूबाईच म्हणाली, “पऱ्हाटी टाकून पाय ना, मिस्त्री. थे त फुकटची हाय.”

आम्ही कडबाकुट्टीवर पऱ्हाटी बारीक केली आणि टाकली. तासाभरात यंत्र गुदमरलं. पऱ्हाटीची साल चिवट असते, तिचे दोरे सुटतात. ते जाळीच्या पट्ट्यांत गुंतले आणि वर राखेचे खडे बसले. जाळी उपसली, साफ केली, परत टाकली, परत तेच. आठवडाभर मी ढोलाला शिव्या देत होतो. लेतूबाई मात्र रोज राख चाळून पाहायची. एक दिवस तिनं राखेतले खडे माझ्यासमोर मांडले आणि म्हणाली, “हे खडे जाळीतून पडतच नाही, बारीक फट हाय. येवढी पाह्यजे.” आणि तिनं आपला अंगठा आडवा धरून दाखवला. “अन् हालाले पाह्यजे. सुपात धान्य कसं हालवते आपन, तसं.”

ट्रकच्या स्प्रिंगचे जुने पाटे माझ्याकडे पडले होते. ते कापून मी सहा पट्ट्यांची नवी जाळी केली, दोन पट्ट्यांत तिच्या अंगठ्याएवढी फट ठेवली. बिजागरीवर बसवली आणि बाहेरून हालवायला दांडा काढला. दर अर्ध्या तासानं दांडा चारदा हालवायचा, बस. यंत्र चालायला लागलं ते पूर्ण हंगामभर चाललं. सकाळी तीन तास गिरणी, मग पंप, संध्याकाळी दिवे. आजूबाजूच्या दोन गावांतल्या बायाही दळण घेऊन येऊ लागल्या. लोक पऱ्हाटी जाळायची थांबवून पोडावर बैलबंडीनं आणून टाकायला लागले. मी आयुष्यात पुष्कळ एंजिनं चालू केली, पण या कामाचा मला जेवढा अभिमान वाटला तेवढा कशाचाच वाटला नाही.

आणि मग तपासणी लागली.

ग्रामसेवक सायकलवर निरोप घेऊन आला. यवतमाळहून साहेब येणार, त्यांच्या अहवालावर ठरणार की हे यंत्र जिल्ह्यातल्या आणखी पोडांना द्यायचं की नाही. निघताना म्हणाला, “मिस्त्री, सगळं कागदाप्रमाणं पाह्यजे बरं. तुमी जाळी बदलवली म्हन्ते. मंजूर डिझाइनला हात लावला म्हणून उद्या मशीनच उचलून नेतील.”

इथं मला वाचकांना आमच्या धंद्यातली एक रीत सांगितली पाहिजे. काळीपिवळी जीप आरटीओकडं पासिंगला जाते तेव्हा ती रस्त्यावर जशी चालते तशी कधीच जात नाही. मागची जादा फळी काढायची, टपावरचा कॅरिअर काढायचा, कंपनीचा सायलेन्सर परत बसवायचा. साहेब पाहतात, शिक्का मारतात. पासिंगच्या मैदानाबाहेर टिनाच्या शेडात हे काढलेलं सामान ठेवलेलं असतं. गाडी बाहेर आली की अर्ध्या तासात सगळं परत जाग्यावर. साहेबांना हे माहीत असतं, आम्हालाही माहीत असतं. सरकारला दाखवायची गाडी वेगळी आणि चालवायची वेगळी, यात काही खोटं आहे असं मला वीस वर्षांत एकदाही वाटलं नव्हतं.

मी तेच केलं. आदल्या दिवशी माझी जाळी काढली, कंपनीची मूळ जाळी बसवली. दांड्याच्या भोकावर पत्रा डकवून रंग मारला. मुकुटबनच्या सुताराकडून सागाच्या तुकड्यांची दहा पोती आणली, आणि पऱ्हाटीचा ढीग न् काढलेली जाळी ताडपत्रीखाली झाकली.

लेतूबाई हे सगळं पाहत होती. म्हणाली, “काहून काढून राह्यला? चालते थे दाखव ना.”

“तुले सरकारचं नाही समजत, लेतूबाई. उद्या तू काही बोलू नको. मी बोलतो.”

साहेब आले. माझी अपेक्षा होती एखाद्या पोट सुटलेल्या, घाईतल्या माणसाची. आला तो तिशीतला पोरगेला इंजिनिअर. बूट चिखलात घालून ढोलाखाली वाकून पाहणारा. यंत्र दोन तास सागावर छान चाललं. त्यानं गिरणी पाहिली, बायांशी बोलला, पाणी मागून प्यायला. मग खाटेवर बसून फॉर्म भरायला लागला. एकेक रकाना मोठ्यानं वाचायचा आणि लिहायचा. एका रकान्याशी थांबून म्हणाला, “मिस्त्री, हा महत्त्वाचा आहे. स्थानिक इंधन आणि गरजेनुसार यंत्रात केलेले बदल. तुम्ही काही केलंय का? खरं सांगा. पुढच्या यंत्रांचं डिझाइन यावरून ठरणार आहे.”

माझ्या उभ्या आयुष्यात सरकारनं मला विचारलेला हा एकच शहाणा प्रश्न. आणि मी काय केलं? मला वाटलं, हा पकडायला विचारतोय. पासिंगचे साहेबही असंच गोड बोलून विचारायचे, की काय रे, फळी लावतोस का मागं? तिथं हो म्हणणारा मूर्ख ठरायचा. मी छाती पुढं काढून म्हणालो, “काही नाही साहेब. जशी आली तशीच हाय.”

लेतूबाई चार हातांवर उभी होती. तिनं माझ्याकडं पाहिलं. मी नजर फिरवली. साहेबानं लिहिलं: काही नाही. मी खाली सही केली, तिनं अंगठा दिला.

मग जे झालं त्याची मला कल्पना नव्हती, कारण पासिंगला असं होत नाही. साहेबानं गाडीतून तार आणि शिसं काढलं आणि ढोलाच्या तळाच्या झाकणाला सील ठोकलं. तपासून योग्य ठरलेल्या यंत्रात कुणी ढवळाढवळ करू नये, असा नियम होता. सील तुटलं तर ताबापावतीवर ज्याचं नाव त्याच्यावर पोलिसात गुन्हा. म्हणजे लेतूबाईवर. मूळ जाळी आत, माझी जाळी बाहेर ताडपत्रीखाली, आणि मधे सरकारचं शिसं.

सागाचे तुकडे चार दिवस पुरले. पाचव्या दिवशी पऱ्हाटी टाकली, ती तासाभरात बुजली. झाकण उघडल्याशिवाय जाळी साफ करता येत नाही. गिरणी थांबली. मी पक्कड घेऊन सील तोडायला बसलोही होतो. लेतूबाईच्या नवऱ्यानं माझा हात धरला. म्हणाला, “मिस्त्री, तू मुकुटबनले जाशील. ठाण्यात हिले बसा लागल.” मी पक्कड खाली ठेवली.

दुसऱ्या दिवशी बसनं यवतमाळ गाठलं. साहेब भेटला, खुर्ची दिली, चहा सांगितला. मी सगळं खरं सांगितलं. पऱ्हाटी, जाळी, दांडा, अंगठा. त्यानं सगळं ऐकून घेतलं. मग त्यानं फाइल काढून माझी सही माझ्यापुढं ठेवली.

“अहवाल वर गेला मिस्त्री. मूळ डिझाइन स्थानिक परिस्थितीत योग्य, बदलाची गरज नाही, असं मी लिहिलंय. तुमच्या सांगण्यावरून लिहिलंय.”

“मंग आता दुसरं लिहा.”

“आता लिहिलं तर मी तिथं जाऊन काय पाहिलं असं विचारतील.” फाइल बांधत म्हणाला, “तुम्ही अर्ज द्या. मी पुढं पाठवतो.”

मी अर्ज दिला. मग दुसरा दिला, जाळीचं चित्र काढून. मग तिसरा दिला. सील उघडण्याची परवानगी सील मारणारं कार्यालय देऊ शकत नव्हतं, ती वरून यायची होती, आणि वर असं ठरलेलं होतं की यंत्र उत्तम चालतं. उत्तम चालणाऱ्या यंत्राचं झाकण उघडायला परवानगी कशाला पाहिजे, असं मला एका टेबलावर खरोखर विचारलं गेलं. मी त्या बाबूला म्हणालो, साहेब, एकदा येऊन पाहा, नुसतं पाहा. तो म्हणाला, पाहणी झालेली आहे. दुसऱ्या टेबलावर कळलं की पोडाचं नाव वीज पोचलेल्या वस्त्यांच्या यादीत चढलं आहे, त्यामुळं खांबांच्या यादीतून ते कमी झालं. म्हणजे यंत्र बंद, आणि यंत्र आहे म्हणून तारही नाही. त्या वर्षभरात तो तरुण साहेबही बदलून गेला.

माणसं मला म्हणतात, मिस्त्री, तुमचीच चूक, सरकारला कशाला बोल लावता? चूक माझीच, मी नाकारत नाही. पण ही चूक मला शिकवली कोणी? हातानं काही सुधारलं की गॅरंटी जाते, मंजूर आराखड्याला हात लावला की गुन्हा होतो, चालतं ते लपवायचं आणि चालत नाही ते पॉलिश करून दाखवायचं, हे मी आईच्या पोटातून शिकून आलो नव्हतो. दरेक खिडकीवर मला हेच शिकवलं गेलं. आणि मग एक दिवस तीच खिडकी म्हणते, खरं सांगा. कसं सांगणार? तशी सवय लागायला त्यांनीही काही केलं पाहिजे होतं की नाही?

पुढच्या दोन वर्षांत तसलीच यंत्रं आणखी पोडांवर आली. तीच जाळी, तीच बारीक फट. एका ठिकाणी मला दुरुस्तीला बोलावलं तर ढोलात कोंबड्या बसवलेल्या होत्या. तिथल्या म्हाताऱ्यानं मला विचारलं, “हे कोन्या शहाण्यानं पास केलं, भाऊ?” मी त्याला माझं नाव सांगितलं. त्याला वाटलं मी थट्टा करतोय, आणि तो हसला.

आज सगळीकडं सौर पंप आहेत, घरांवर सौर पत्रे आहेत, मोबाइलवर तक्रार करायची सोय आहे. नव्या पोरांना मी एवढंच सांगतो की तपासणीला साहेब आला तर जे वापरता तेच दाखवा, शिव्या खाव्या लागल्या तरी खा. पोरं मान हलवतात आणि पॅनेल पुसून ठेवतात.

लेतूबाई सीलच्या त्या भानगडीनंतर मला पोडावर भेटली नाही, कारण मी तिकडं जायचं टाळत होतो. ती मला भेटली माझ्याच गॅरेजसमोर. गिरणी बंद पडून पाचसहा महिने झाले होते. उन्हाची वेळ. गिरणीतून पीठ घेऊन परत निघालेली. सावलीला थांबली, ओझं उतरवलं. मी पाणी दिलं. म्हणालो, “लेतूबाई, माहं चुकलं. तू सांगत होती तसं दाखवाले पाह्यजे होतं.”

तिनं पाणी पिऊन ग्लास विसळून ठेवला.

“तुह्यावर राग नाही, मिस्त्री. तू बी भेलाच असशील.” मग पदरानं तोंड पुसत म्हणाली, “पन साहेबानं इचारलं ना, काय बदल केले म्हून, तवा मले लय बरं वाटलं होतं. मले वाटलं, आता तू सांगशील की फट या बाईच्या अंगठ्याची हाय. आपलं नाव येते कागदावर.”

ती उठली, चुंबळ डोक्यावर ठेवली आणि म्हणाली, “थोडा हात लाव.”

मी ते पिठाचं ओझं उचललं आणि तिच्या डोक्यावर ठेवलं. ती नऊ किलोमीटर चालायला निघाली.